माळ्यावरची ट्रंक आणि दुपारचा मोडीचा वर्ग

टाळेबंदीने घरात बसवलं तेव्हा मला जे मिळालं, ते आमच्याच घरात पलीकडच्या खोलीत होतं. ते मिळायला रेल्वे बंद पडावी लागली.

डोंबिवलीत राहून फोर्टला नोकरी करणाऱ्या बाईचं घराशी नातं सकाळ-संध्याकाळचं असतं. आठच्या सुमाराची फास्ट, ती डोंबिवलीहूनच सुटणारी नसेल तर दारातून आत शिरण्याचीच मारामारी, दिवसभर ऑफिस आणि परतून चपला काढेपर्यंत रात्रीचे साडेआठ. वीसेक वर्षं असंच चाललं. आईंशी, म्हणजे माझ्या सासूबाईंशी, जे बोलणं व्हायचं ते स्वयंपाकघराच्या दारातलं. गोळ्या घेतल्यात का, गॅसवाला आला होता का, उद्या भाजी कुठली. त्या मला कधी एका शब्दाने टोचून बोलल्या नाहीत, मीही त्यांना नाही. चांगलं चाललं होतं. पण एकमेकींसमोर निवांत मांडी घालून बसलोय, असं सणावारी स्वयंपाकाची तयारी करतानाच व्हायचं.

२२ मार्च २०२०च्या रात्री लोकल थांबल्या. जूनच्या मध्याला अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाल्या, २१ ऑक्टोबरपासून गर्दीच्या वेळा सोडून बायकांना प्रवास करता येऊ लागला आणि सगळ्यांसाठी, तेही ठरावीक वेळांत, १ फेब्रुवारी २०२१ उजाडली. मी विमा कंपनीत अकाउंट्सला आहे. आमचं घरून काम त्याच्याही पुढे चालू राहिलं. मार्चएंडचं क्लोजिंग मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून केलं.

पुढचं लिहिण्याआधी एक सांगायला हवं. आमचा पगार चालू होता, डोक्यावर छप्पर होतं, औषधं घरपोच येत होती. आमच्याच इमारतीतले खालच्या मजल्यावरचे काका ॲम्ब्युलन्समधून गेले ते परत आले नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांना शेवटचं जवळून बघताही आलं नाही. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. रूळ, गाडी, स्टेशन हे माझं रोजचं जग. ती बातमी वाचल्यावर त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्या वर्षाला मी चांगलं म्हणणार नाही. त्या वर्षात आमच्या घरात जे झालं, ते मात्र चांगलं होतं, आणि ते लिहून ठेवावंसं वाटतं.

गुढीपाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देशभराची टाळेबंदी सुरू झाली. कडुलिंब मिळाला नाही, गाठी मिळाल्या नाहीत, घरातल्या साखरेवर गुढीची पूजा झाली. आईंनी पंचांग उघडून संवत्सर वाचलं : शके १९४२, शार्वरी नाम संवत्सर. मग बोटांवर काहीतरी मोजून म्हणाल्या, “मागचं शार्वरी साठ साली होतं. महाराष्ट्र झाला ते वर्ष.” संवत्सरांची साठ नावं त्यांना ओळीने पाठ आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. हीच नावं पुढे आमच्या कामी आली.

ट्रंक खाली आली ती जागेच्या टंचाईमुळे. दोन खोल्यांत तीन स्क्रीन: माझी, नवऱ्याची आणि मुलाच्या नववीची. बेडरूममध्ये एक टेबल बसवायचं तर तिथल्या गाद्या माळ्यावर जायला हव्यात आणि गाद्यांना जागा हवी तर माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली यायला हवी. ती माझ्या सासऱ्यांच्या घराची. पेणचं जुनं घर विकलं तेव्हा वाटणीत कोणालाच नको म्हणून आमच्याकडे आली होती. आत लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, लांबुळक्या चोपड्या, सुकून भुगा झालेली कडुलिंबाची पानं. नवऱ्याने एक चोपडी उलगडली. पानाला उभ्या घड्या घालून रकाने पाडलेले, वर एक लांबच लांब रेघ, आणि त्या रेघेखाली कुठेही न थांबता गेलेलं गोल गोल अक्षर. तो म्हणाला, “मोडी आहे. आता हे कोण वाचणार?”

आई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. “आण इकडे,” म्हणाल्या. चष्मा पुसला, चोपडी खिडकीकडे धरली आणि वाचायला लागल्या. आधी अडखळत, मग हळूहळू सलग. “श्री. शके अठराशे तेहतीस, विरोधकृत नाम संवत्सरे... ही रोजकीर्द आहे रे, दुकानाच्या रोजच्या जमाखर्चाची वही. मागची शिल्लक... भात... पोहे... हमाली चार आणे.”

आम्ही तिघं बघतच राहिलो.

१९३४ सालचा त्यांचा जन्म, माहेर कऱ्हाडचं. “आम्हाला चौथीत मोडी होतंच की,” त्या सहज म्हणाल्या. मुंबई इलाख्यातल्या मराठी शाळांत तेव्हा मोडी शिकवायचे. छपाईला बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, सोयीची पडली, आणि १९५०च्या आसपास शाळा-कचेऱ्यांतून मोडी गेलीच. पण आईंचं मोडी चौथीपुरतं नव्हतं. त्यांचे वडील गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. संध्याकाळी दिव्याखाली मुलीने कीर्द वाचायची आणि वडिलांनी ती खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, मांडायची, असं लग्न होईपर्यंत चाललेलं. लग्न होऊन त्या डोंबिवलीत आल्या, आणि त्यानंतर मोडीतला एकही कागद त्यांच्या हातात पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, “आई, मला शिकवाल?” त्यांनी विचारलं, “रोज बसशील?” मी रोज बसणारच होते, जाणार कुठे!

दुपारी तीनची वेळ ठरली. माझे रिपोर्ट दोनपर्यंत पाठवून व्हायचे, मागची आवराआवर संपलेली असायची. वही मुलाची, पेन शाईचं. बोरू मिळण्यातला नव्हता. पहिला धडा अक्षरांचा नव्हताच. “आधी रेघ,” आई म्हणाल्या. पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण रेघ ओढायची, मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिला अक्षरं टांगत जायची. आपण बाळबोध लिहिताना अक्षर काढून वर रेघ देतो, हे त्याच्या अगदी उलट. शिवाय हात उचलायचा नाही. एका अक्षराची शेपटी पुढच्याच्या डोक्यात जाते, काना वेगळा न राहता अक्षरातच मुरतो आणि ‘क’ माहीत असून ‘का’ ओळखू येत नाही, म्हणून बाराखडी पुन्हा पहिल्यापासून गिरवावी लागते. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. विरामचिन्हं नाहीत. वेलांटी एकच, उकार एकच. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नसल्याने मुलाला ही लिपी लगेच आवडली.

वाचताना खरा त्रास अक्षरांपेक्षा आखूड लिहिण्याचा. ‘रा रा’ दिसलं की राजमान्य राजश्री, ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, ‘बि॥’ म्हणजे बितपशील, तपशीलवार. आई म्हणायच्या, “अक्षर अक्षर लावत बसू नकोस. तिथे काय असायला हवं ते आधी मनात आण, मग बघ.” दिवाणजीच्या मुलीचं शिक्षण होतं ते. धान्याच्या दुकानाच्या चोपडीत नावानंतर जिन्नस येणार, जिन्नसानंतर माप, मापानंतर दर. अकाउंट्सच्या माणसाला ही शिस्त रक्तातलीच. जमेची बाजू, नावेची बाजू, रोजची शिल्लक. मला अक्षरं लागत नव्हती तेव्हाही पान कसं चाललंय ते कळत होतं, आणि आईंना ते जाणवलं होतं. “तुला हिशोब दिसतो गं,” असं त्या एकदा म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी ऑफिसात नेमकं काय करते हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं, आणि मी त्यांना डेबिट-क्रेडिट समजावून सांगितलं. त्यांना ते पाच मिनिटांत कळलं.

आकड्यांची तर वेगळीच मजा. पाचाच्या पुढे एक उभी रेघ दिली की सव्वापाच, दोन दिल्या की साडेपाच, तीन दिल्या की पावणेसहा. रुपयांत वाचलं तर एक रेघ म्हणजे चार आणे. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. मी एक्सेलमध्ये शीट करायला घेतली तेव्हा बेरीज हातच्याला अडायची, शेवटी सगळं पैमध्ये करून मग परत रुपये-आणे काढणारी सूत्रं लिहिली. माझी सूत्रं तयार होईतो आईंची बेरीज तोंडी झालेली असायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, सगळे पाढे त्यांच्या तोंडात. मुलाने परीक्षा घ्यायला विचारलं, “आजी, अकरा औटे?” औट म्हणजे साडेतीन, हे त्याला आदल्याच दिवशी कळलेलं. “साडेअडतीस,” त्या म्हणाल्या, शेंगा निवडणं न थांबवता. तो कॅल्क्युलेटर घेऊन बसला होता.

ज्या दिवशी मी एक पान एकटीने वाचलं आणि खालची शिल्लक माझ्या शीटमधल्या शिल्लकेशी पैला पै जुळली, त्या दिवसाचा आनंद कुठल्याही ऑडिटपेक्षा मोठा होता. एक पान असंही निघालं की एक आणा काही केल्या मिळेना. आम्ही दोघींनी ते उलटसुलट तपासलं. मग पुढच्या दिवसाच्या कीर्दीत पहिलीच ओळ सापडली: चूकभूल, एक आणा. म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी पेणच्या बाजारात रात्री दुकान बंद केल्यावर माझे आजेसासरेही त्याच आण्यासाठी जागले होते.

कऱ्हाडच्या बाईला लिपी येते, पण समुद्र माहीत नाही. चोपडीत दर आठवड्याला एक खर्च पडलेला दिसायचा. अक्षरं स्वच्छ लागत होती, ‘नोर’, पण आईंना काही उमगेना. पेणला नवऱ्याची आत्या आहे, तिला फोन लावला. ती म्हणाली, “अगं, नोर म्हणजे मचव्याचं भाडं! अंतोऱ्याच्या बंदरातून माल मुंबईला जायचा ना!” आत्यांना मोडीचं एक अक्षर येत नाही, पण खाडी, भरती, मिठागरं, कुठला माल कुठल्या बंदरावर उतरायचा, हे सगळं माहीत. तेव्हापासून तीनच्या वर्गाला फोन स्पीकरवर ठेवलेला असायचा. आई वाचायच्या, आत्या सांगायच्या, मी लिहायची. घाट आणि कोकण यांतल्या दोन म्हाताऱ्या, सणालग्नांत औपचारिक बोलणाऱ्या, तासतासभर भाताच्या मापांवर वाद घालायच्या. ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा पेणचे फोन बंद पडले, आणि त्या दिवसांत आईंनी चोपडी उघडू दिली नाही. “ती आल्याशिवाय नको,” म्हणाल्या. फोन लागला तेव्हा आत्यांनी घराची कौलं उडाली हे आधी सांगितलं आणि लगेच पुढे विचारलं, “कितवं पान चाललंय?”

मला १९१८ सालची चोपडी हवी होती. इन्फ्लुएंझाच्या साथीत ह्या दुकानात काय झालं असेल हे बघायची फार इच्छा होती. शके १८४०, कालयुक्त नाम संवत्सर, असं आईंनी बोटांवर मोजून सांगितलंही. पण ट्रंकेत ते साल नव्हतं. मागचं होतं, पुढचं होतं. आईंनी त्याऐवजी त्यांच्या आजीकडून ऐकलेलं सांगितलं. प्लेगात घरात उंदीर पडला की सामान उचलून माळावर झोपड्या घालून राहायचं, गाव ओस, आणि दुकानदार झोपडीतच दुकान मांडायचा. “आपण निदान घरात तरी आहोत,” म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे ऐकताना मला धीर आला.

बाकीचे फायदे थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांनाच थोड्याफार फरकाने झाले असतील. गरम जेवण, पाठीचं दुखणं कमी, नवऱ्याला भाकरी थापायला आली. पण आईंमध्ये जो बदल झाला तो मी रोज बघत होते. सासरे गेल्यापासून त्यांचा दिवस टीव्ही आणि झोप यांत जायचा. आता त्या दोन वाजताच केस विंचरून, भिंग घेऊन बसलेल्या असायच्या. मी ऑफिसच्या कॉलमध्ये अडकले तर दारात येऊन उभ्या राहायच्या. माझी बाराखडी चुकली की स्पष्ट बोलायच्या, “काल सांगितलं ते कुठे गेलं?” घरात त्या इतक्या हक्काने माझ्यावर कधी रागावल्या नव्हत्या. मला ते फार आवडलं. सून म्हणून मला त्यांनी जपलं होतं, विद्यार्थिनी म्हणून त्यांनी मला घडवलं. मी ‘आई’ आधीपासून म्हणतच होते.

घरी असे कागद असतील त्यांच्यासाठी, आम्हाला जाणत्यांकडून कळलेलं थोडं सांगते. कागद फाटलेला असला तरी सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको, त्यातून कागद कधीच सुटत नाही. उन्हात वाळवू नका. सुती कापडात बांधा. मोडी दफ्तरांचे गठ्ठे असेच बांधतात, त्यांना रुमाल म्हणतात. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, कुठल्या गठ्ठ्यातलं कितवं ते लिहा आणि मगच वाचायला घ्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात न वाचलेले मोडी कागद प्रचंड संख्येने पडून आहेत आणि वाचणारे थोडे, त्यामुळे पुराभिलेख संचालनालय मोडीचे छोटे वर्ग घेतं. टाळेबंदीत कितीतरी जणांनी ऑनलाइन वर्गही चालवले. २०१४मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली, त्यामुळे आता ती संगणकावर टाइपही करता येते. आमचं पहिलं मोडी टायपिंग मुलाने केलं: आजीचं नाव. आईंनी ते पडद्यावर बोट ठेवून वाचलं आणि ‘र’ची जोडणी चुकलीय म्हणाल्या.

आता मी पुन्हा फोर्टला जाते, आठवड्यातून तीन दिवस. उरलेल्या दोन दिवशी आणि रविवारी तीनचा वर्ग असतो. आईंनी नव्वदी पार केली. मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली असूनही बारीक अक्षर आता दिसत नाही, म्हणून मी पानाचा फोटो टीव्हीवर मोठा करून लावते. शके १८३३ची रोजकीर्द पूर्ण झाली, तिची खतावणीही झाली, आणि दोन्हींची शिल्लक जुळली.

सध्या शेवटचा गठ्ठा उघडलाय. तो दुकानाचा नाही, जमिनीचा आहे, आणि त्यातला एक कागद खूपच जुना निघाला. अक्षर वेगळंच, धावतं. वर साल असं: ‘सु॥ सबा अशर मयातैन व अलफ’. आईंनी हात टेकले. चौथीत हे नव्हतं. मी पुस्तकातून शोधून काढलं. सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना, आकडे अरबी: सबा सात, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. १२१७. त्यात ५९९ मिळवले की १८१६. पेशवाई बुडायच्या दोन वर्षं आधीचा कागद! मी हे फळ्यावर मांडून दाखवलं तेव्हा आईंनी सगळे आकडे माझ्याकडून दोनदा म्हणून घेतले आणि तिसऱ्यांदा स्वतः म्हणाल्या.

“हे कुलकर्ण्याचं अक्षर आहे,” त्या म्हणाल्या. “याला माझं दिवाणजीचं मोडी पुरायचं नाही. तू पुढचा वर्ग लाव आणि घरी येऊन मला शिकव.”

अर्ज भरलाय. वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होतो, आणि आईंनी त्यासाठी नवी वही मागवून ठेवली आहे, दोन.